निर्वासित लोक तीस-चाळीस वर्षं छावणीतच कसे राहतात? सरकारं हा प्रश्न एकदाचा मिटवत का नाहीत?

बहुतेक तुम्ही रोहिंग्यांच्या नाहीतर सीरियाच्या बातम्या बघून विचारलंय, आणि खाली असंही लिहिलंय की एवढी वर्षं झाली तर एकतर परत पाठवा नाहीतर नागरिकत्व देऊन मोकळे व्हा, मधेच लटकवून ठेवण्यात कोणाचा फायदा. मी या विषयातला तज्ज्ञ वगैरे नाही. पण माझं लहानपण अर्जुनी मोरगावला गेलं, आता गोंदिया जिल्हा, तेव्हा भंडारा, आणि तिथून गाडीनं थोडंसं गेलं की गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे. नाव नोर्ग्येलिंग, पण आमच्याकडे सगळे नुसतं 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. १९७२ सालची आहे. पन्नाशी उलटली, पक्की घरं आहेत, मठ आहे, तरी नाव कॅम्पच.

बाबांचं कृषी केंद्र होतं, खत-बियाणं-फवारणीची औषधं. झाडीपट्टीत सगळं धानावर चालतं त्यामुळे गावातल्या शेतकऱ्याची उधारी धान निघालं की चुकती व्हायची, कॅम्पातल्या लोकांची मात्र फेब्रुवारीत, लोसारच्या म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आगेमागे. कारण दिवाळी आली की निम्मा कॅम्प स्वेटर विकायला बाहेर पडायचा, नागपूर, रायपूर, कुठंकुठं. माल लुधियानाचा, आणि आपण लोक 'तिबेटी स्वेटर' म्हणून घासाघीस करून घेणार. बाबा म्हणायचे यांचं खातं उशिरा पण नक्की. वहीत मात्र नावांचा घोळ, पाच तेन्झिन आणि तीन डोल्मा, म्हणून बाबा 'तेन्झिन चष्मेवाला', 'तेन्झिन लाल राजदूत' असं लिहून ठेवायचे. त्यातल्याच एकाचा मुलगा माझा दोस्त. त्यालाही इथं तेन्झिनच म्हणतो, ओळख पटायची काही भीती नाही.

थंड पठारावरची माणसं विदर्भात, मे महिन्यात ४५ च्या पाऱ्यात, कशी आली ते आधी थोडक्यात सांगतो. १९५९ ला दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग ऐंशी हजारांच्या आसपास लोक आले. सुरुवातीला सरकारनं त्यातल्या बऱ्याच जणांना हिमालयात रस्ते बांधायच्या कामावर लावलं. मग नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली, तेव्हा म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री निजलिंगप्पांनी बायलकुप्पेला तीन हजार एकरांच्या आसपास दिली, छत्तीसगडात मैनपाट, कर्नाटकात मुंडगोड, ओडिशात चंद्रगिरी अशा वसाहती होत गेल्या, आणि बऱ्याच उशिरा आमच्याकडची. तेन्झिनचे आजोबा सांगायचे की पहिली काही वर्षं त्यांनी ट्रंका उघडून सामान लावलंच नाही, ट्रंकेवरच चादर टाकून बसायचे. कशाला लावायचं, जायचंच आहे ना.

आणि गंमत अशी की सरकारच्या फाइलीतही तेच चाललेलं असतं. मला जेवढं समजलंय त्यावरून या सगळ्या प्रश्नाचं मूळ हेच आहे. निर्वासितांबद्दलचा प्रत्येक निर्णय 'सध्यापुरता' घेतलेला असतो, आणि असे सध्यापुरते निर्णय एकावर एक रचत साठ वर्षं जातात, कोणी मुद्दाम 'यांना लटकवून ठेवू' असं ठरवत नाही, तेवढी कोणाला फुरसतही नसते.

तेन्झिनचं उदाहरण बघा. जन्म १९८९ चा, आमच्याच तालुक्यातला. मराठी माझ्याएवढीच, हिंदी माझ्यापेक्षा बरी. पण कागदावर तो परदेशी. त्याच्याकडे आरसी असते, म्हणजे परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचं पुस्तक, ते वेळोवेळी रिन्यू करायचं. पूर्वी दरवर्षी, आता जुन्या लोकांना पाच वर्षांनी. परदेशात जायचं तर पासपोर्ट नाही, आयसी नावाचं पिवळं पुस्तक, जे बघून विमानतळावरचा माणूस आधी साहेबाला बोलावतो. आता त्याचा मोठा भाऊ १९८४ चा. आपल्या नागरिकत्व कायद्यात २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या दरम्यान भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच भारतीय, आईबाप कोणीही असोत. त्यानंतर जन्मलेल्याला आईबापांपैकी एकजण भारतीय लागतो. म्हणजे एका आईच्या पोटचे, एका घरात वाढलेले दोघं भाऊ, मोठा भारतीय आणि धाकटा परदेशी! पुढची गंमत, मोठ्या भावाची मुलंही कायद्यानं भारतीय होतात आणि तेन्झिनच्या मुली नाही. चुलत भावंडं एकाच अंगणात खेळतात.

पण मोठ्या भावाला तरी ते सहज मिळालं का, तर नाही. कायदा होता पण वर्षानुवर्षं कोणी तो तिबेट्यांना लावतच नव्हतं. २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीनं दिल्ली हायकोर्टातून स्वतःपुरतं मिळवलं, मग २०१६ मध्ये त्याच कोर्टानं सांगितलं की या काळात जन्मलेल्यांना पासपोर्ट द्या. २०१७ ला परराष्ट्र खात्यानं मान्य केलं पण सोबत अटी, आरसी-आयसी परत करा, वसाहतीत राहायचं नाही, निर्वासित तिबेटी प्रशासनाकडून मिळणारे लाभ घ्यायचे नाहीत. म्हणजे भारतीय व्हायचं असेल तर आधी आईबापाचं घर सोडा. मोठा भाऊ नागपूरला भाड्यानं राहतो. त्यांच्या आईनं तेव्हा बरेच दिवस त्याच्याशी नीट बोलणं टाकलं होतं. घर सोडलं त्याचा राग होताच, पण 'आपण इथले झालो तर तिकडचं कोण मागणार' हाही होता. हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं नागरिकत्व दिलं की माणूस खूश, पण निर्वासित म्हणून राहणं हा त्यांच्यातल्या कित्येकांसाठी एक दावा असतो, की माझी जमीन तिकडे आहे आणि मी ती सोडलेली नाही. पॅलेस्टिनी लोकांचं हेच आहे, १९४८ ला निघालेल्यांची चौथी पिढी आज नोंदणीकृत निर्वासित आहे, आकडा जवळपास ५९ लाख. यजमान देशांनाही हा दावा सोयीचा पडतो. लेबनॉन गेली कित्येक दशकं पॅलेस्टिनींना बऱ्याच व्यवसायांत येऊ देत नाही आणि वर म्हणतं की आम्ही यांचा परत जायचा हक्क जपतोय.

आता कर्जाचं. २०१५-१६ च्या सुमाराला तेन्झिनला सेकंडहँड ट्रॅक्टर घ्यायचा होता. एका बँकेत गेलो दोघं, मी ओळखीचा म्हणून सोबत. मॅनेजर चांगला माणूस होता, चहा पाजला, पण म्हणाला तारण काय? जमीन सरकारी, वसाहतीला लीजवर, ह्याच्या नावानं सातबारा नाही. जामीनदार? मी तयार होतो, पण मग त्याचं लक्ष आरसीच्या मुदतीकडे गेलं, कर्ज पाच वर्षांचं आणि आरसी संपत होती अठरा महिन्यांत. तो म्हणाला हे पुस्तक रिन्यू झालं नाही तर मी हप्ते कोणाकडून घेऊ. खरं सांगतो, मला त्याचं उत्तर सुचलं नाही. २०१४ ला केंद्रानं तिबेटी पुनर्वसन धोरण काढलं होतं, त्यात जमिनीची लीज वीस वर्षांची करा, रेशन, रोजगार हमी, घरकुल अशा योजना द्या, व्यापाराचे परवाने द्या असं बरंच चांगलं होतं, पण जमीन राज्याचा विषय, मग प्रत्येक राज्यानं आपापल्या चालीनं ते घेतलं आणि बँकेच्या काउंटरपर्यंत ते पोचलेलं नव्हतं एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

याचा परिणाम हळूहळू दिसतो. २००९ मध्ये तिबेटी प्रशासनानं स्वतःची जनगणना केली तेव्हा भारतात ९४ हजारांवर लोक होते, पुढच्या दहाएक वर्षांत सरकारी आकडा ७२ हजारांच्या आसपास आला. लोक कॅनडा, अमेरिका, फ्रान्स, स्वित्झर्लंड गाठतात. जगातली सगळ्यात यशस्वी पुनर्वसन योजना म्हणून ज्या वसाहतींचं नाव घेतात त्या आता म्हाताऱ्यांच्या होत चालल्यात.

जगाचा हिशोब सांगतो म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाला हात घालता येईल. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांची संस्था दीर्घकालीन विस्थापन कशाला म्हणते, तर एका देशातले २५ हजार किंवा जास्त लोक सलग पाच वर्षं दुसऱ्या देशात अडकलेत. जगातल्या दर तीन निर्वासितांपैकी जवळपास दोघं आज या व्याख्येत बसतात. सुटकेचे रस्ते तीनच सांगितलेत, स्वखुशीनं परत जाणं, आहे तिथंच मुरून जाणं, नाहीतर तिसऱ्या देशानं नेणं. ऐकायला सरळ वाटतं. पण तिसऱ्या देशात जायची संधी वर्षाला शंभरात एकालाही मिळत नाही. परत जायचं तर ज्यांनी हाकललं त्यांचंच राज्य तिथं असतं. रोहिंग्यांना २०१८ आणि २०१९ मध्ये दोनदा परत पाठवायची तयारी झाली, गाड्या लावल्या, कोणी चढलंच नाही. का चढतील, १९८२ च्या कायद्यानं म्यानमार त्यांना नागरिकच मानत नाही, म्हणजे परत गेले तरी तिथंही परदेशीच.

उरला मुरून जायचा रस्ता, आणि नेमका तोच कोणत्याही सरकारला नको असतो. बांगलादेशनं २०१७ मध्ये सात लाखांवर लोक आत घेतले, ही लहान गोष्ट नाही, आपण एवढे घेतले असते का कोण जाणे. पण घेताना धोरण हेच की हे जाणार आहेत. म्हणून कॉक्स बझारला घरं बांबू आणि ताडपत्रीचीच, पक्कं बांधायला परवानगी नाही, बाहेर काम करायचं नाही, पोरांना बांगला अभ्यासक्रम शिकवायचा नाही. मग मार्च २०२१ मध्ये आग लागली तर हजारो झोपड्या एका दिवसात गेल्या आणि परत बांबू-ताडपत्रीच बांधली. काम करायला बंदी म्हणजे पोट पूर्ण मदतीवर, आणि मदत देणाऱ्या देशांचं लक्ष दुसऱ्या युद्धाकडे गेलं की काय होतं ते २०२३ मध्ये दिसलं, माणशी महिन्याचं १२ डॉलरचं रेशन आधी १० आणि मग ८ डॉलरवर आलं. दिवसाचे वीस-बावीस रुपये धरा! केनियात दादाबची छावणी १९९१ ची, ९० हजार लोकांसाठी आखलेली, २०११ च्या दुष्काळात तिथं पाच लाखांच्या जवळपास लोक होते. २०१६ मध्ये सरकारनं बंद करतो म्हणून जाहीर केलं, पुढच्या वर्षी तिथल्या हायकोर्टानं तो निर्णय रद्द केला, आणि छावणी आहे तिथंच आहे.

तुम्ही म्हणाल कुठंतरी सुटलं असेलच की. नेपाळात सुटलं, म्हणजे वाटलं तरी तसं. भूताननं नेपाळी भाषक लोकांना १९९० च्या सुमाराला बाहेर काढलं, १९५८ ची जमीन महसुलाची पावती दाखवा नाहीतर तुम्ही नागरिक नाही असा हिशोब होता. लाखभर लोक पूर्व नेपाळातल्या झापा-मोरंगच्या छावण्यांत, नेपाळ-भूतान चर्चेच्या फेऱ्यांवर फेऱ्या आणि परत घेतला एकही नाही. शेवटी २००७ पासून अमेरिका आणि इतर सात देशांनी मिळून १ लाख १३ हजार लोक नेले. अशी उदाहरणं फार नाहीत. आणि २०२५ मध्ये काय झालं, अमेरिकेनं त्यातल्याच काहींना गुन्ह्यांच्या कारणावरून हद्दपार करून भूतानला पाठवलं, भूताननं त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडलं, आणि काहीजण फिरून नेपाळच्या त्याच छावणीत. पस्तीस वर्षांनी!

आपल्याकडे महाराष्ट्रात याच्या उलटी दोन उदाहरणं आहेत ती मला फार बोलकी वाटतात. एक वळिवडे, कोल्हापूरजवळ. दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका-मुलं, १९४३ ते ४८ तिथं राहिले आणि गेले. तात्पुरतं होतं आणि खरंच तात्पुरतं राहिलं, कारण युद्ध संपलं आणि त्यांना घ्यायला देश तयार होते. दुसरं उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणजवळच्या मिलिटरी कॅम्पात सुमारे लाखभर सिंधी आले. तिथंही अजून कॅम्प नंबर एक ते पाच म्हणतात, पण फरक हा की ते पहिल्या दिवसापासून भारतीय होते, मत होतं, मालमत्ता घेता येत होती, भरपाईचा कायदा १९५४ ला झाला. मदत तर तिबेट्यांना कदाचित जास्तच मिळाली असेल, जमीन, शाळा, परदेशी देणग्या. पण सिंधी माणसानं दुकान टाकलं तर ते पोराला देता येईल हे त्याला माहीत होतं.

मात्र नागरिकत्व म्हणजे सगळ्यावर रामबाण असंही समजू नका. आमच्या शेजारी गडचिरोली-चंद्रपूरकडे, चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली निर्वासित आहेत. त्यांना नागरिकत्व आहे, जमीन दिली, मतदानही करतात. पण त्यांच्यातले बरेच नमःशूद्र, बंगालात अनुसूचित जात, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे पोराला जातीचा दाखला नाही, सवलत नाही. जमीनही कित्येक वर्षं वर्ग दोनची, विकायला परवानगी लागणारी. कागद एक मिळाला तरी दुसरा राहतोच.

आणि हो, स्थानिकांची बाजू. शहरातले लोक यावर लिहिताना पटकन 'स्थानिकांचा द्वेष' म्हणून मोकळे होतात ते मला पटत नाही. आमच्याकडचा गोंड शेतकरी जंगलाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या बांधी म्हणजे धानाचं शेत कसतोय आणि २००६ चा वनहक्क कायदा येऊनही पट्ट्यासाठी चकरा मारतोय, त्यानं बघितलंय की १९७२ ला बाहेरून आलेल्यांना जंगल साफ करून जमीन मिळाली आणि विहिरीही. त्यानं कधी दगड मारला नाही, पण तो म्हणतो 'त्यांच्यासाठी दिल्लीतून पत्र येते, आमच्यासाठी कोण लिहिते?' हे चूक आहे का? अरुणाचलात चकमा-हाजोंग १९६४ पासून आहेत, पूर्व पाकिस्तानातल्या काप्ताई धरणानं चकमांच्या जमिनी बुडवल्या होत्या, सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये नागरिकत्व द्या म्हणून सांगितलं तरी तिथल्या जमातींचा विरोध आहे कारण आपल्याच भूमीत आपण कमी होऊ ही भीती. निर्वासितांसाठी दवाखाना काढला तर तो शेजारच्या गावालाही खुला हवा, शाळा काढली तर दोघांची पोरं एकत्र, एवढी साधी गोष्ट कित्येक योजनांत उशिरा सुचते. कॅम्पाच्या दवाखान्यात आमच्याकडचे लोकही जायचे, त्यामुळे संबंध कधी बिघडले नाहीत असं माझं मत.

मग भारतानं काय करावं? आपल्याकडे निर्वासितांचा कायदाच नाही, निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही नाही. त्यामुळे तिबेटी आला की एक पत्र, श्रीलंकन तमिळ आला की दुसरं, रोहिंग्या आला की थेट घुसखोर. तमिळांचं बघा, १९८३ पासून तामिळनाडूतल्या छावण्यांत, आजही ५० हजारांवर लोक, त्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज इंग्रजांनी इथूनच चहाच्या मळ्यात नेलेले. २०२१ ला स्टॅलिन सरकारनं 'निर्वासित' शब्द काढून 'पुनर्वसन छावणी' नाव केलं आणि घरांसकट ३१७ कोटींचं पॅकेज दिलं. चांगलं झालं, पण नागरिकत्व केंद्राच्या हातात आणि नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेत (सीएए) श्रीलंका नाहीच. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं सूट दिली की ९ जानेवारी २०१५ पर्यंत नोंदलेल्या श्रीलंकन तमिळांवर कागदपत्रं नाहीत म्हणून खटला भरणार नाही. सूट म्हणजे हक्क नाही हो, सरकारनं दिली तशी ती काढूही शकतं.

मला वाटतं 'परत जायचा हक्क' आणि 'इथं नीट जगायचा हक्क' या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवायला हव्यात. समजा दहा वर्षं झाली की कायमच्या रहिवासाचं कार्ड, त्यावर नोकरी, कर्ज, मालमत्ता, आणि ते घेतलं म्हणून तिकडचा दावा सुटला असं धरायचं नाही, वसाहत सोडायची अट नाही. मत द्यायचा हक्क नंतर बघू. यानं सरकारचं परराष्ट्र धोरण बुडत नाही आणि तेन्झिनच्या आईलाही पोराशी अबोला धरावा लागणार नाही. अर्थात यात मतं मिळत नाहीत, निर्वासित मतदार नसतो, म्हणून कोणी करणार नाही हेही मला कळतं.

तेन्झिन सध्या हिवाळ्यात स्वेटर आणि उरलेल्या वर्षात नागपूरला एकाच्या हॉटेलात मॅनेजरी करतो. जमीन त्यानं शेजारच्या गावातल्या एका गोंड शेतकऱ्याला ठेक्यानं दिलीय, कॅम्पातल्या बऱ्याच जणांनी तेच केलंय. मागच्या डिसेंबरात मी गेलो तेव्हा तो शेतकरी धान भरून बसला होता. सरकारी आधारभूत खरेदी केंद्रावर सातबारा मागतात आणि या जमिनीचा सातबारा ना त्याच्या नावानं ना तेन्झिनच्या, त्यामुळे शेवटी खासगी व्यापाऱ्याला पडत्या भावात घातला. तेन्झिन त्याला म्हणत होता, काका, यंदा ठेका थोडा कमी द्या, आणि काका म्हणत होते, राहू दे बाबू, तुझा तरी काय दोष.